पाठ फुकट, दुरुस्ती महाग

विद्येचे साधन हाती आले म्हणजे विद्याच हाती आली, असा एक समज आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वी तो पाठ्यपुस्तकाविषयी होता. पुढे तो 'गाइड' आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्याविषयी झाला. आणि आता तो घरबसल्या पाहावयास मिळणाऱ्या व्याख्यानांविषयी झाला आहे. साधन बदलत गेले, समज मात्र तसाच राहिला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात संगणकाचे आज्ञालेखन शिकू पाहणाऱ्या तरुणांच्या बाबतीत या समजाची परीक्षा घेण्याची वेळ आता आली आहे. कारण तेथे साधनांचा तुटवडा उरलेला नाही, आणि तरीही विद्या सर्वांच्या हाती लागली आहे असे म्हणता येत नाही.

पिंपरीतील संत तुकाराम नगर ही वस्ती या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, वल्लभनगरचे एस.टी. आगार, वैद्यकापासून अभियांत्रिकीपर्यंतच्या महाविद्यालयांचा समूह आणि मार्च २०२२ पासून मेट्रोचे स्थानक, असा या वस्तीचा परिसर आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्या पाठोपाठ या पट्ट्याचा विस्तार झाला आणि गावोगावचा कामकरी येथे स्थायिक झाला. त्याच्या पिढीने कानस आणि लेथ हाती घेतली. त्याच्या मुलानातवंडांपुढे आज कळफलक आहे. हा बदल केवळ व्यवसायाचा नव्हे. लोखंडाचे काम शिकविण्याची एक रीत कामगाराच्या पिढीला उपलब्ध होती. कळफलकाचे काम शिकविण्याची तितकीच भक्कम रीत नव्या पिढीला उपलब्ध आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

एका प्रयोगशाळेतील दोन विषय

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात, संगणक अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षाच्या पहिल्या सत्रात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स हे दोन विषय एका प्रयोगशाळेत एकत्र बांधलेले होते. वरवर पाहता ही जोडी सोयीपुरती वाटते. परंतु तिच्यामागे एक शैक्षणिक शहाणपण आहे, आणि ते समजण्यासाठी दोन्ही विषयांचे मर्म थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

पहिल्या विषयाचे तत्त्व वल्लभनगरच्या आगारात उभे राहून समजावून घेता येते. 'एस.टी. गाडी' ही एक कल्पना आहे. तिला नोंदणी क्रमांक असतो, आसने असतात, आगार असते. ती सुटते, थांबते, तिचे भाडे काढता येते. या सामान्य वर्णनाला 'क्लास' म्हणतात आणि फलाटावर प्रत्यक्ष उभी असलेली एकेक गाडी म्हणजे 'ऑब्जेक्ट'. साधी, निमआराम आणि शिवशाही हे त्याच वर्णनाचे वारस होत. गाडीपणाचे सर्व गुण त्यांना वारशाने मिळतात आणि स्वतःचे वेगळेपण तेवढे प्रत्येकीत नव्याने सांगावे लागते. 'भाडे सांग' ही आज्ञा तिघींना एकच. उत्तर मात्र प्रत्येक जण आपापल्या दराने देते. चालकाला सुकाणू फिरविण्यासाठी इंजिन उघडून पाहावे लागत नाही, त्याप्रमाणे ऑब्जेक्टचा वापर करणाऱ्यालाही त्याच्या पोटातील व्यवहार ठाऊक असण्याची गरज नसते. हजारो ओळींची आज्ञावली अनेकांनी मिळून लिहावयाची असते तेव्हा या शिस्तीवाचून काम चालत नाही.

हे उदाहरण मूळ इतिहासापासून फार दूर नाही. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्युगोर या दोघांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही संगणकभाषा घडविली. तिची दुसरी आवृत्ती १९६७ ची. वारसाहक्काची कल्पना त्यांना सुचली ती पुलावरील टोलनाक्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या ट्रक आणि बस यांचे चित्र संगणकात कसे उभे करावे या विचारातून. पुढे डेन्मार्कचे बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती कल्पना 'सी' भाषेला जोडली, आणि १९८३ मध्ये त्या जोडभाषेला 'सी प्लस प्लस' हे नाव मिळाले. आज आपल्या महाविद्यालयांत शिकविली जाते ती हीच.

ठिपक्यांची तिरपी रेघ

दुसरा विषय चित्रांचा. संगणकाचा पडदा म्हणजे एक विस्तीर्ण ठिपक्यांची रांगोळी होय. मौज अशी की, येथे दोन ठिपक्यांच्या मधून रेघ ओढण्याची मुभा नसते. ठिपकेच उजळावयाचे असतात. मग तिरपी रेघ काढावी कशी? समजा, सात ठिपके उजवीकडे आणि तीन ठिपके वर जावयाचे आहे. प्रत्येक पावलाला एक ठिपका उजवीकडे सरकावे आणि खात्यावर तीन जमा करावेत. शिल्लक सातच्या निम्म्याहून, म्हणजे साडेतीनाहून, अधिक झाली की एक ठिपका वर चढावे आणि खात्यातून सात वजा करावेत. पहिल्या पावलाला शिल्लक तीन, चढ नाही. दुसऱ्या पावलाला सहा. वर चढले, शिल्लक उणे एक. चौथ्या आणि सहाव्या पावलाला पुन्हा चढ येतो आणि सातव्या पावलाला शिल्लक बरोबर शून्य होऊन रेघ मुक्कामी पोहोचते. साडेतीनचा अपूर्णांक नको असेल तर साऱ्याच आकड्यांची दुप्पट करावी, म्हणजे निव्वळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी उरते.

जमाखर्च लिहिणाऱ्या कोणाही कारकुनाला कळेल अशी ही युक्ती आय.बी.एम. कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये, कागदावर लेखणीने आकृती काढणाऱ्या यंत्रासाठी शोधली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे धातू तिरपा कापतात तेव्हा त्यांच्या पोटी याच जातीचे गणित असते. मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बांधण्याच्या रीतीही मोटारकारखान्यांतूनच आल्या. सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉचे पियर बेझिए हे त्यांचे जनक. ज्या पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ मध्ये जाहीर झालेली इंडिका बाहेर पडली, त्या पिंपरीतील मुलांना हा विषय परका वाटण्याचे वस्तुतः काही कारण नाही.

आता या दोन विषयांच्या जोडीतील शहाणपण स्पष्ट होते. चित्र खोटे बोलत नाही. रेघ वाकडी आली, वर्तुळाची एक पाकळी निखळली, बहुकोनात भरलेला रंग कडेबाहेर सांडला, तर चूक डोळ्यांना दिसते. ती सांगावयास परीक्षक लागत नाही. अमूर्त विचारांचा विषय अशा दिसणाऱ्या विषयाला जोडला की शिकणाऱ्याला आपली चूक आपणच ओळखण्याची एक संधी मिळते.

विपुलता कशाची, दुर्भिक्ष कशाचे?

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. एखादी वस्तू विपुल झाली की मूल्य तिच्याकडून सरकून तिच्या जोडीला लागणाऱ्या दुर्मिळ वस्तूकडे जाते. शिकवणीच्या साहित्याच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. १९९० च्या दशकात नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' किंवा ई. बालगुरुसामी यांचे सी प्लस प्लसवरील पुस्तक विद्यार्थी एकमेकांकडून मागून वाचीत. ज्याला परवडे तो खासगी संगणकवर्गात जाई. २००३ मध्ये आय.आय.टी. आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम सुरू झाला आणि नामवंत प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्याने कोणालाही विनामूल्य खुली झाली. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल'च्या रूपाने छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. त्रिमिती चित्रे घडविण्याचे 'ब्लेंडर' हे साधन २००२ पासून मुक्त स्रोत झाले असून ते फुकट मिळते. थोडक्यात, पाठ आज हवेइतका सुलभ आहे.

मग दुर्मिळ काय झाले? दुर्मिळ झाली ती शिकणाऱ्याची चूक पाहणारी नजर. व्याख्यान एकदा चित्रित झाले की ते एकाने पाहिले काय आणि लाखाने पाहिले काय, खर्च तेवढाच. चुकीचे तसे नाही. प्रत्येक विद्यार्थी आपापल्या परीने चुकतो, आणि ती चूक समजून घेण्यासाठी कोणा जाणकाराला त्याच्या शेजारी बसून आपला वेळ खर्च करावा लागतो. हा वेळ चित्रित करून वाटता येत नाही. पाठ फुकट झाला, दुरुस्ती मात्र महागच राहिली. आणि महाग वस्तू टाळण्याकडे संस्थांचा, विद्यार्थ्यांचा आणि पालकांचाही कल असतो.

हा कल कोणत्या थराला जातो ते प्रात्यक्षिकाच्या वह्या चाळल्या की दिसते. ठरलेले प्रयोग, त्यांची ठरलेली उत्तरे, वर्षानुवर्षे एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे उतरत आलेली आज्ञावली आणि अखेरीस एक स्वाक्षरी. रॉबर्ट लॅफोर यांच्या १९९१ च्या पुस्तकात पुस्तके आणि ध्वनिफिती विकणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेचा सराव-प्रश्न आहे. वारसाहक्क शिकविण्यास तो उत्तम. म्हणूनच तो आमच्या अभ्यासक्रमात येऊन बसला. परंतु ज्या मुलांनी ध्वनिफितीची कॅसेट हातात धरलेली नाही, त्यांनी २०१९ नंतरही तिच्या मिनिटांचा हिशेब मांडावा, यात प्रश्न शिळा झाल्याचे कोणाच्या ध्यानी येऊ नये, हे बोलके आहे. १९९० मध्ये आलेल्या 'टर्बो सी प्लस प्लस'ची कथा याहून निराळी नाही. भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये निघाले आणि जुन्या लेखनाच्या कित्येक लकबी त्यात बसेनाशा झाल्या. तरी आपल्याकडील अनेक वर्गांत त्या लकबी पुढे कित्येक वर्षे घोटून घेतल्या जात होत्या. विद्यापीठाने पुढे अभ्यासक्रमात मुक्त स्रोत साधनांची शिफारस केली, हे योग्यच झाले. पण साधन नवे आणले म्हणून नक्कल करण्याची सवय जुनी होत नाही.

त्यात २०२२ च्या अखेरीपासून मागेल ती आज्ञावली क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. आता नक्कल करण्यासाठी मित्राची वहीसुद्धा लागत नाही. यावर काही जण म्हणतात की, यंत्रच लिहिणार असेल तर माणसाने शिकावे कशाला? हा युक्तिवाद अर्धवट आहे. लिहिणे स्वस्त झाले की तपासण्याचे मोल वाढते. यंत्राने दिलेल्या रेघेच्या आज्ञावलीत चढाची अट एका चिन्हाने चुकली, तर ती ओळखणारा माणूस लागतोच. आणि सात-तीनची रेघ ज्याने चौकटीच्या कागदावर स्वतः मांडली आहे, तोच ती ओळखू शकेल.

कारखान्याने शिकविलेले दोन धडे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. फिटरचा शिकाऊ उमेदवार लोखंडाचा तुकडा कानसेने सपाट करतो, मग त्याला गुण्या लावून तो उजेडाकडे धरतो. जेथून उजेड फटीतून येतो तेथे चूक. उस्ताद काही बोलत नाही, तुकडा परत देतो. हे दहादा घडते तेव्हा हात बसतो. कानस कशी धरावी यावरील उत्तम व्याख्यान या दहा फेऱ्यांची जागा घेऊ शकत नाही. ही दुरुस्ती खर्चाची आहे, आणि तो खर्च उद्योगानेही उचलला पाहिजे, हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मान्य केले. आज्ञालेखनाच्या शिक्षणात ही तरतूद आपण अद्याप मनापासून केलेली नाही.

दुसरा धडा भाषेचा आहे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीच्या पदवीशिक्षणास परवानगी दिली, तेव्हा याच पट्ट्यातील निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग सुरू केला. हे पाऊल महत्त्वाचे होते. परंतु 'मराठीतून' याचा अर्थ प्रत्येक संज्ञेला संस्कृतप्रचुर प्रतिशब्द शोधणे असा घेतला, तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर एका परक्या भाषेऐवजी दोन परक्या भाषांचे ओझे पडेल. कारखान्याने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. तेथे 'लेथ', 'जॉब', 'व्हर्निअर', 'टॉलरन्स' हे शब्द जसेच्या तसे राहिले. त्यांच्याभोवतीचे सारे बोलणे, समजावणे, रागावणे मात्र मराठीत झाले. संज्ञा जगाची आणि समजूत घरची, ही ती रीत होय. ज्या संतकवीचे नाव या वस्तीला आहे, त्याने परमार्थातील अवघड विचार शेतकऱ्याच्या आणि वाण्याच्या बोलीत आणला. संगणकाचा विचार फिटरच्या आणि वाहकाच्या बोलीत आणता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट परीक्षेची. पूर्ण आज्ञावली पाठ करून लिहावयास लावण्याऐवजी, हेतुपुरस्सर बिघडविलेली आज्ञावली द्यावी आणि बिघाड शोधून कारणासह दुरुस्त करावयास सांगावे. परीक्षा जे मागते तेच विद्यार्थी शिकतो, हा अनुभव जुना आहे.

दुसरी गोष्ट तासिकांची. व्याख्यान आता घरी ऐकता येते. तेव्हा महाविद्यालयातील वेळ व्याख्यानाची पुनरुक्ती करण्यात घालवू नये. प्रयोगांची संख्या निम्मी केली तरी चालेल. मात्र प्रत्येक प्रयोग अध्यापकाने विद्यार्थ्याशेजारी बसून तपासावा. एकट्या अध्यापकाला हे झेपणार नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मानधन देऊन साहाय्यक नेमावे आणि त्या मानधनाचा काही भार, शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाप्रमाणे, परिसरातील उद्योगांनी उचलावा. कुशल माणसाची गरज शेवटी त्यांनाच आहे.

तिसरी गोष्ट साहित्याची. नव्या व्याख्यानांची भर घालण्यापेक्षा, विद्यार्थी नेहमी कोठे अडतात आणि का चुकतात याचे मराठी संग्रह या पट्ट्यातील अध्यापकांनी मिळून तयार करावेत. कॅसेटच्या जागी एस.टी.चे भाडे, प्रकाशनसंस्थेच्या जागी सुट्या भागांचे कोठार, काल्पनिक आकृतीच्या जागी प्रत्यक्ष जॉबचे ड्रॉइंग अशी उदाहरणे त्यांत यावीत. असे काम करणाऱ्या अध्यापकाला बढतीच्या वेळी त्याचे श्रेय मिळावे. नाही तर ते कोणी हाती घेणार नाही.

विद्यार्थ्याला नोकरी हवी असते, पालकाला ती लवकर हवी असते, आणि या सगळ्यासाठी थांबावयास सवड कोणाला आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अवास्तव नाही. परंतु वही पूर्ण करून मिळालेली पदवी नोकरीच्या दारापर्यंत नेते, आत टिकवून धरीत नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराला तर हा धोका अधिक. कारण चूक दाखविणारा जाणकार त्याच्या घरी नसतो. सधन घरातील मुलगा दुरुस्ती विकत घेऊ शकतो. कामगाराच्या मुलीला ती महाविद्यालयातच मिळाली पाहिजे. अन्यथा फुकट पाठांच्या या युगात विषमता कमी न होता नव्या रूपाने वाढेल.

या संदर्भात सिम्युलाचे एक जनक न्युगोर यांच्या चरित्रातील एक गोष्ट आपल्या पट्ट्याने आवर्जून ध्यानात घ्यावी. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या संगणकशास्त्रज्ञाने नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकाचा आपल्या कामावर काय परिणाम होईल हे कामगारांना स्वतः समजावे, म्हणून त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक तयार करण्यात आले आणि ठिकठिकाणच्या शाखांतून अभ्यासगट चालले. १९७५ मध्ये तेथील मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकाच्या वापराविषयी राष्ट्रीय करार झाला, त्यामागे या अभ्यासाचा वाटा होता. पुस्तक वाटून ते लोक थांबले नाहीत. ते वाचून आपल्या कारखान्याचे प्रश्न मांडणारे गट त्यांनी उभे केले. न्युगोर आणि डाल यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी दोघेही निवर्तले.

पिंपरी-चिंचवडमध्ये संघटना आहेत, उद्योग आहेत, महाविद्यालये आहेत आणि महापालिकाही आहे. अभ्यासिकेत एक खोली, आठवड्यातून काही संध्याकाळी बसणारा एक जाणकार आणि शेजारी चौकटीच्या कागदाचा एक गठ्ठा, एवढ्यावर आरंभ करता येईल. पाठ केव्हाच येऊन पोहोचले आहेत. ते गिरविताना कोठे चुकले हे सांगणाऱ्या माणसाची तरतूद आता आपण करावयाची आहे.